दिवसा ऊन, रात्री गारठा: मराठवाड्यात घरच्या घरी बी उबवायचं कसं

मिरचीचं बी टाकून पंधरा-वीस दिवस होतात, ट्रेमध्ये काही हलत नाही, आणि मग कृषी केंद्रात जाऊन तक्रार होते की बी बोगस निघालं. डिसेंबर-जानेवारीत हे गावोगाव ऐकू येतं. कधी बी खरंच जुनं असतं. पण बऱ्याचदा ते जिवंत असतं, गारठ्यामुळे नुसतं थांबलेलं असतं. त्याला खत नको, टॉनिक नको, ऊब हवी.

आपल्याकडची थंडी समजून घेतली की अर्धं काम होतं. परभणी, हिंगोली, नांदेड, जालना, कुठंही हिवाळ्यात दुपारी २८ ते ३० अंश असतात. बीला याहून चांगलं काही नको. घात होतो तो रात्री. पारा १०-१२ वर येतो, थंडीची लाट आली की परभणीत पाच-सहापर्यंतही उतरतो. परदेशी व्हिडिओ बघून लोक चोवीस तास चालणाऱ्या हीट मॅट, म्हणजे ट्रेखाली ठेवायच्या विजेवर तापणाऱ्या चटया, मागवतात. तिकडं दिवसही गार असतो, म्हणून त्यांना ती लागते. आपल्याला फक्त संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ एवढंच सांभाळायचं आहे. दिवसाचं ऊन फुकट आहे. ते धरून ठेवायचं आणि कमी पडेल तेवढी भर घालायची.

कुणाला ऊब लागते, कुणाला नाही

मिरची, ढोबळी मिरची, वांगी, टोमॅटो, कलिंगड, खरबूज, काकडी, दोडका, कारली, दुधी, भेंडी ही सगळी उन्हाची माणसं. मातीत २५ ते ३० अंश मिळाले की पटापट उगवतात. मेथी, पालक, कोथिंबीर, कोबी, गाजर, वाटाणा, कांदा यांच्यासाठी काहीही करू नका. ती थंडीतच खूश असतात. लेट्यूसला तर जास्त ऊब दिली की ते उगवायचंच बंद होतं.

फरक किती पडतो, तर टोमॅटोचं बी २५ अंशाला साधारण सहा दिवसांत वर येतं, १५ अंशाला दोन आठवडे घेतं, आणि १० अंशाला सहा आठवडे. मिरची आणखी आळशी: २५ अंशाला आठ दिवस, २० ला तेरा, १५ ला पंचवीस. पंचवीस दिवस ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, पडून राहिलेलं बी बहुतेकदा उगवण्याआधी कुजतं. तेव्हा ऊब द्यायची ती नुसत्या घाईसाठी नाही. बी बुरशीच्या तावडीत सापडण्याआधी वर यावं यासाठी.

उन्हाळी टोमॅटो-मिरचीचं बी साधारण वेळ अमावस्येच्या आसपास टाकावं, म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. मिरचीचं रोप लावणीला यायला पस्तीस-चाळीस दिवस लागतात. लातूर-धाराशिवकडं येळवस (हीच वेळ अमावस्या) झाली की मिरचीचं बी भिजवायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं. कलिंगड-खरबुजाची रोपं पंधरा दिवसांत तयार होतात, त्यांना संक्रांतीनंतर घेतलं तरी उशीर नाही.

आधी थर्मामीटर

तापाचा थर्मामीटर इथं कामाचा नाही, काचेचा जुना तर ३५ अंशापासूनच सुरू होतो. माशांच्या टाकीसाठी वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो घ्या. त्याचं टोक हवेत लटकवायचं नाही, ट्रेमधल्या ओल्या मिश्रणात खुपसायचं. या सगळ्या खटाटोपात एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ही घ्या.

कारण हवा आणि ओली माती यांचं तापमान एक नसतं. आपली हिवाळी हवा कोरडी. उघड्या ओल्या ट्रेतून पाणी सतत उडत राहतं आणि माठातल्या पाण्यासारखा ट्रे गार पडतो. खोलीत २४ अंश दिसतात आणि बी १९ वर बसलेलं असतं. म्हणूनच बी उगवायला मातीच्या कुंड्या वापरू नका. त्या बाजूंनीही पाझरतात आणि दुप्पट गार होतात. प्लास्टिकचा प्रो-ट्रे (रोपांसाठीचा खळग्यांचा ट्रे), आइस्क्रीमचा डबा, दह्याचे कप, काहीही चालेल, फक्त बुडाला भोकं हवीत. आणि वरून झाकण हवंच. झाकलं की पाणी उडायचं थांबतं, आणि वीज न जाळता तीन-चार अंश पदरात पडतात.

मिश्रणात कोकोपीट दोन भाग आणि चाळलेलं गांडूळखत एक भाग घ्या. काळी माती घालू नका. ती कपाशीला चांगली, ट्रेमध्ये चिखल होते आणि वाळली की तडकते. कोकोपीट भिजवून मुठीत दाबलं तर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. जास्त ओलं मिश्रण तापायलाही वेळ लावतं.

भिजवणं आणि पोटली

मिरची, वांगी, टोमॅटोचं बी सहा ते आठ तास कोमट पाण्यात. कोमट म्हणजे मनगटावर टाकलं तर गार लागत नाही आणि चटकाही बसत नाही असं. भेंडी, दुधी, कलिंगड रात्रभर. कारल्याचं कवच टणक असतं, त्याचं टोक नेलकटरनं हलकं उडवा, आतल्या डाळीला धक्का न लावता, आणि चोवीस तास भिजवा. पाकिटातलं बी लाल-हिरव्या औषधाने रंगवलेलं असेल तर त्याच्यावर आधीच प्रक्रिया झालेली आहे. ते भिजवलं की औषध धुऊन जातं. ते कोरडंच पेरा, आणि हाताळल्यावर हात धुवा.

वेलवर्गीय बियांसाठी आपली जुनी पोटलीची पद्धत अजूनही सगळ्यात सरस आहे. भिजवलेलं बी निथळून सुती फडक्यात सैल बांधायचं, त्यावर ओलं करून पिळलेलं गोणपाट गुंडाळायचं, आणि उबेला ठेवायचं. फडकं सैल हवं, बीला श्वास घ्यायला हवा लागते. घट्ट बांधलेल्या पोटलीला दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, तो आला की बी गेलंच समजा. कलिंगडाला दोन-तीन दिवसांत टोकाला पांढरा बिंदू फुटतो. जोंधळ्याच्या दाण्याच्या निम्म्याएवढा कोंब दिसला की पेरायचं. कोंब लांबू दिला तर तो फडक्याच्या धाग्यांत अडकतो आणि सोडवताना तुटतो.

मिरची-टोमॅटोचं बारीक बी पोटलीत ठेवू नका, थेट ट्रेमध्ये टाका. बीच्या जाडीच्या दुप्पट खोल, त्याहून जास्त नाही.

डबा

आता ऊब धरणारी जागा. फळवाल्याकडं किंवा मासळीवाल्याकडं झाकणाचा थर्माकोलचा डबा मिळतो. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, एक फूट उंच एवढा घरगुती कामाला पुष्कळ. आत एक प्रो-ट्रे बसतो. मासळीचा असेल तर दोनदा धुऊन उन्हात वाळवा, नाहीतर रात्री मांजरं झाकण उघडतात.

ज्यांचं घर माळवदाचं आहे त्यांना निम्मं काम करायची गरज नाही. जाड मातीच्या भिंती दिवसाची ऊब रात्रभर सोडत राहतात, मधल्या खोलीत डबा ठेवला की झालं. स्लॅबच्या घरात स्वयंपाकघरातली वरची फळी चांगली, ऊब वर चढते. पत्र्याच्या घरात मात्र रात्री बाहेरइतकाच गारठा असतो, तिथं डबा जमिनीवर ठेवायचा नाही. खाली फळी, फळीवर चौघडी केलेली वाकळ, त्यावर डबा, आणि वरून आणखी एक वाकळ.

चुलीमागची भिंत, पाण्याच्या बंबाजवळची जागा, फ्रिजचा माथा, सेट-टॉप बॉक्स या जागा लोक सुचवतात. पोटलीसाठी त्या ठीक आहेत. ट्रेसाठी नाहीत, कारण चूल सकाळी तापते आणि रात्री दोनला, जेव्हा गरज असते, तेव्हा गार असते. नव्या फ्रिजचा माथा तापतही नाही, कुशी तापतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ओला ट्रे ठेवायचा विचारही करू नका.

डब्यात ऊब आणायची कशी

पहिली रीत फुकटची आणि मला सगळ्यात आवडती. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या तीन बाटल्या पाण्याने भरा, बाहेरून काळा रंग द्या किंवा काळी पिशवी चढवा, आणि सकाळपासून गच्चीवर भिंतीच्या आडोशाला उन्हात आडव्या ठेवा. चारच्या सुमाराला, ऊन कलायच्या आधी, उचलून डब्यात ट्रेच्या शेजारी लावा आणि झाकण बंद करा. सहा लिटर पाणी ४० अंशावरून २५ वर येताना जवळपास १०० वॅट-तास ऊब सोडतं, म्हणजे १० वॅटचा हीटर दहा तास चालवल्याएवढी. स्लॅबच्या घरात रात्री खोली १७-१८ अंश असेल तर एवढ्यात भागतं. लाईट जाण्याची भीती नाही, आग लागायची भीती नाही. ढगाळ दिवशी सोलर किंवा गिझरचं पाणी भरायचं. उकळतं भरू नका, त्या बाटल्या सुरकुततात. गरम पाण्याची बाटली ट्रेला टेकवायची नाही, मध्ये फडकं घालायचं.

दुसरी रीत बल्बची. पण बल्ब जुना पिवळा हवा, तारेचा. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब नाही म्हणावी इतकीच. पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्यांकडं पिल्लांना उब द्यायचे पिवळे बल्ब अजून मिळतात, पण ते ६० किंवा १०० वॅटचे. या डब्याला ते फार होतात. आपल्याला लागतो तो १५ वॅटचा जुना झिरो बल्ब. वर सांगितलेल्या मापाच्या डब्यात तो बाहेरच्यापेक्षा दहाएक अंश जास्त धरतो. रात्रीचे बारा तास जाळला तरी आठवड्याला दीड युनिटच्या आतच वीज लागते.

बल्ब थर्माकोलला कधीही टेकता कामा नये. थर्माकोल वितळतो आणि पेटतोही. माझी मांडणी अशी: डब्याच्या बुडाला फरशीचा तुकडा, त्यावर होल्डरसह बल्ब, आणि बल्बवर भोक असलेली मातीची कोरडी कुंडी पालथी. बी उगवायला जी कुंडी नको म्हटलं, ती इथं उपयोगी पडते. ती हळूहळू तापते, ऊब सगळीकडं सारखी पसरवते, आणि ट्रेमधून गळालेलं पाणी बल्बवर पडू देत नाही. कुंडीच्या दोन्ही बाजूंना विटा, विटांवर लोखंडी जाळी, जाळीवर पसरट ताटली, ताटलीत ट्रे. वायर अखंड हवी, चिकटपट्टीचा जोड ओल्या डब्यात नको. पहिल्या रात्री बी न घालता डबा चालवून बघा. सकाळी मिश्रणात २५ ते ३० दिसले की ठीक. ३२ च्या पुढं गेलं तर झाकणाला एक-दोन बोटांची फट ठेवा.

हीट मॅट घ्यायचीच असेल तर थर्मोस्टॅटसह, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्रासह घ्या, आणि तिचा सेन्सर मिश्रणात खुपसा. नुसती मॅट खोलीपेक्षा पाच ते दहा अंश वाढवते. दुपारी खोली ३० वर गेली आणि मॅट चालूच राहिली की बी शिजतं. कंबर शेकायचा हीटिंग पॅड वापरू नका. तो पाण्यासाठी केलेला नसतो आणि बरेचसे आपोआप बंद पडतात.

लाईटचा भरवसा नसलेल्या गावात बल्ब आणि बाटल्या दोन्ही एकत्र ठेवा. लाईट गेली तर पाणी दोन-तीन तास सहज निभावून नेतं.

आणि सकाळी नऊला झाकण उघडायला विसरू नका. थंडीनं जेवढं बी जातं, त्याहून जास्त दुपारच्या उन्हात बंद डबा विसरल्याने जातं. काचेचं किंवा प्लास्टिकचं झाकण असलेला ट्रे जानेवारीतल्या उन्हातही तासाभरात ४५ च्या वर जाऊ शकतो. दिवसा ट्रे सावलीत, उजेडाच्या जागी, झाकण किलकिलं करून ठेवायचा.

आखाड्यावर करायचं असेल तर

शेतात आखाडा, म्हणजे गोठा-निवारा आहे, जनावरं आहेत, आणि ट्रे दहा-वीस आहेत, तर डब्याच्या भानगडीत पडू नका. रोपवाटिकावाले करतात तेच करा: पेरलेले, पाणी दिलेले ट्रे एकावर एक रचा, सगळ्यांत वर एक रिकामा ट्रे पालथा घाला आणि चवड काळ्या प्लास्टिकने गुंडाळा. कलिंगड, टोमॅटो तीन-चार दिवसांत, मिरची-वांगी सहा ते आठ दिवसांत फुटतात. चवड गोठ्याच्या भिंतीला लावली तर आणखी बरं. तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून बघा. एक दिवस उशीर झाला तर वरच्या ट्रेच्या बुडाला कोंब चेपतात.

शेणाची ऊबही वापरता येते, आणि ती कमाल असते. दीड फूट खोल खड्डा, त्यात ताजं शेण आणि सोयाबीनचं भुसकट मिसळून, ओलसर करून, पायाने हलकं दाबून भरा. दोन-तीन दिवसांत ते आतून पेटल्यासारखं तापतं. त्या वेळी त्यावर काही ठेवलं तर उकडून निघेल, वर अमोनियाचा डोळ्यांत पाणी आणणारा वास असतो तो वेगळाच. तापमान बघायला पहार आत खुपसा, पाच मिनिटांनी ओढून टोकाला हात लावा. हात टेकवत नसेल तर थांबा. टोक मुठीत धरून बसावंसं वाटलं, की वर चार बोटं कोरडी माती पसरा आणि त्यावर ट्रे किंवा पोटली ठेवा. रात्री वरून ताडपत्री. ही ऊब दोन-तीन आठवडे टिकते, आणि नंतर खड्ड्यातलं सगळं खत म्हणून रानात जातं.

पाणी कोणतं

पहाटे टाकीतलं पाणी बर्फासारखं असतं. तेच ट्रेवर शिंपडलं की रात्रभर जमवलेली ऊब एका मिनिटात गेली. बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, ते चालतं, फक्त फार खारं नको. भांड्याच्या तळाला पांढरा थर धरणारं पाणी असेल तर पिण्याचं वापरा, लागतं तरी किती. झाकलेल्या ट्रेला उगवेपर्यंत बहुधा दुसऱ्यांदा पाणी लागतच नाही. झाकणाच्या आतून थेंब लोंबताना दिसत असतील तर हात आवरा.

कोंब दिसला की ऊब बंद

नवखे लोक इथं चुकतात. सकाळी झाकण उचलल्यावर मिरचीचा कोंब पहिल्यांदा दिसतो तो वाकलेल्या मानेसारखा, पांढुरका आडवा दोरा, दोन्ही टोकं मातीत. एका ट्रेमध्ये असे निम्मे दोरे दिसले की त्याच दिवशी ट्रे उजेडात काढा. उरलेले मागून येतील. त्यांची वाट बघत ट्रे अंधारात, उबेत ठेवला तर आलेली रोपं दोन दिवसांत दोऱ्यासारखी लांब होतात आणि आडवी पडतात. ती पुन्हा सरळ होत नाहीत.

बीला ऊब हवी असते, रोपाला उजेड. पहिले दोन दिवस शेडनेटखाली किंवा पूर्वेच्या खिडकीत, मग सकाळचं कोवळं ऊन, आठवड्यात दहा-अकरापर्यंतचं पूर्ण ऊन. रात्री घरात घ्या, पण बल्ब नको, १५-१६ अंश रोपाला पुरतात. पाणी सकाळीच. संध्याकाळी ओली राहिलेली माती आणि गारठा एकत्र आले की रोपाचं खोड जमिनीलगत बारीक होऊन ते कोलमडतं. एका कोपऱ्यातून हे सुरू झालं तर तो कोपरा मातीसकट काढून टाका, झाकण कायमचं काढा, आणि पाणी तोडा. पुढच्या वेळी पेरण्याआधी बीला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा, किलोला चार-पाच ग्रॅम या हिशेबाने, म्हणजे आपल्या चमचाभर बीला चिमूटभर. औषध लावलेल्या बीला मात्र नको.

टोमॅटोची पानं खालून जांभळी दिसली तर घाबरून खत टाकू नका. थंडीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही, त्याची ती खूण. रात्री जरा आत सरकवली की चार दिवसांत नवं पान हिरवं येतं.

काहीच उगवलं नाही तर

आधी थर्मामीटरचं पहाटेचं वाचन बघा, दुपारचं नाही. ते २० च्या खाली असेल तर कारण सापडलं. तापमान बरोबर असेल तर एक-दोन बिया उकरून बोटात दाबा. टणक आणि भरलेलं बी म्हणजे अजून वाट बघायची. पिचकून पाणी निघालं तर कुजलं. बीच सापडलं नाही तर उंदीर. कलिंगड-खरबुजाच्या बियांचा त्यांना फार सोस, एका रात्रीत अख्खा ट्रे ओळीने साफ करतात, आणि प्रत्येक खळग्यात व्यवस्थित सोललेलं टरफल ठेवून जातात. डब्याच्या झाकणावर वीट ठेवा.

बीचाच संशय असेल तर पेरणीआधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत घालून, डब्यात ठेवून बघायच्या. सात-आठ फुटल्या तर बी चांगलं. चार-पाच फुटल्या तर एका खळग्यात दोन-दोन टाका. घरचं कांद्याचं बी वर्षाच्या वर ठेवलेलं असेल तर ही तपासणी केल्याशिवाय पेरूच नका, ते फार लवकर मरतं.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, त्यात पुढच्या दिवसांचं किमान तापमान असतं. ते ८-९ च्या खाली जाणार असेल तर त्या आठवड्यात ट्रे पेरू नका, पोटली तेवढी बांधून ठेवा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात रात्री १६-१७ वर टेकू लागल्या की बल्ब काढून टाका आणि नुसता झाकलेला ट्रे ठेवा. मार्चमध्ये पेरायचं राहिलंच असेल तर थर्मामीटर तोच, पण बघायचं दुपारी, आणि ट्रे न्यायचा कडुलिंबाच्या सावलीत.